सहा लूम आणि एक पाऊल

भातकापणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रघू खाचरातून उठला, पण त्याचं डावं पाऊल काही उठलं नाही.

चूक त्याचीच होती. चोवीस वर्षं भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात लूम चालवलेला माणूस, दिवसाचे बारा तास उभा. खाली बसायची सवयच मोडलेली. कापणीसाठी दोन दिवस सुट्टी टाकून तो दिघाशीच्या शेतावर गेला, तर धाकटा भाऊ मनोज सगळ्या बायांसमोर म्हणाला, "दादा, तू बांधावर बस. सावली हाय, पाणी हाय. तुझं काम न्हाय ह्ये." बाया हसल्या. झालं. रघूने विळा उचलला आणि उकिडवा बसला तो बसलाच. बाया पाणी प्यायला उठल्या, मनोज तंबाखू मळायला दोनदा उठला, रघू उठला नाही. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत. मनोजच्या पुढे अख्खी एक पट्टी कापून काढली. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याने लक्ष दिलं नाही. शेवटी मोठ्या ऐटीत उठला, पाऊल टाकलं, अंगठा धसकटात अडकला आणि कापलेल्या भातावर तोंडावर आपटला. सगळे हसले, तोही हसला.

संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने पावलाला सांगून बघितलं, वर हो. पाऊल नुसतं लटकत राहिलं. शेजाऱ्याचं असल्यासारखं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाजवळ बोट टेकवून दाखवलं. पाऊल वर उचलणारी नस इथून जाते, आणि पाच तास उकिडवं बसून रघूने ती दाबून टाकली होती. याला फूट ड्रॉप म्हणतात, डॉक्टर म्हणाला. नस परत येईल. तीन महिने, सहा महिने, वर्ष. कधी येतही नाही. तोवर उकिडवं बसायचं नाही, आणि हे घालायचं. हे म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक टणक साचा, पोटरीपासून तळव्यापर्यंत, बुटात घालायचा.

रघूकडे बूट नव्हता. लग्नातला होता, तो उंदरांनी खाल्ला होता.

तिसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेला. कुणाला काही सांगितलं नाही. पाऊल लटकतं म्हणून गुडघा उंच उचलायचा, मग पाऊल खाली पडायचं ते थप्प असा आवाज करत. घरात तर त्या आवाजाने मांजर पळायचं. बायको कमळ म्हणायची, "पाव्हणं आल्यावानी वाटतंय, सारखं कोण दार वाजवतंय." पण कारखान्यात ही भीती नव्हती. चाळीस लूम एकदम चालतात तिथे माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. बोलणं हाताने आणि ओठांनी. कुणी पायाकडे बघून भुवई उडवली तर रघू दोन बोटांची चिमूट करून दाखवायचा: काटा लागलाय.

बारा दिवस तो काटा पुरला.

तेराव्या दिवशी दुपारी साडेतीनला लाइट गेली. भिवंडीत लाइट जाण्यात काही नवल नाही. सगळे लूम थांबले, आणि ती शांतता आली जिच्यात कान शिट्टी मारतात. माणसांनी मानेचा घाम पुसला, कुणी बिडीसाठी बाहेर निघालं. रघू पाण्याच्या माठाकडे चालला. थप्प. थप्प. थप्प. माठापर्यंत अठरा पावलं होती. सहाव्या पावलाला त्याच्या लक्षात आलं की सगळ्या कारखान्यात आता फक्त त्याचा पाय बोलतोय. तो हळू चालायला लागला. हळू चाललं की आवाज आणखीनच एकेकटा वाजायचा.

माठाजवळ मुकादम तुळशीराम उभा होता. साठीचा माणूस, गळ्यात पंचा, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती तरुणपणी मोटारीच्या पट्ट्यात गेली, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही आणि कारखान्यात ते सगळ्यांना माहीत आहे.

"किती दिवस झाले?" तुळशीरामने विचारलं.

रघूने खोटं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून खरं आलं. "बारा."

"बारा दिवस ह्या पायाने तू माझ्या लूममधून फिरतोयस? खाली तेल, बाजूला मोटर, मधी दीड हाताची वाट. ठेचकाळलास तर हात कुठं टाकशील, बोल."

"आजून काय झालं न्हाय ना."

"म्हणून आज बोलतोय. झाल्यावर मी बोलत न्हाय, मी दवाखान्यात बसतो."

लाइट आली तेव्हा रघूच्या सहा लूमवर चांगदेव उभा होता. जळगावकडचा, तिशीचा, महिनाभर बदलीवर इकडे तिकडे फिरणारा. आणि रघू कांडीच्या मशीनवर. तिथे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरतात, बसून. म्हातारे भरतात आणि बाया भरतात. शेजारी बायजाबाई होती. तिने आपलं बसायचं पोतं अर्धं त्याच्याकडे सरकवलं. त्या पोत्यावर बसताना रघूला रडूच यायचं बाकी होतं.

त्या कारखान्यात एक रीत आहे. लूमच्या मागे ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं बीम असतं, पिंपाएवढं जाड, हजारो तारा गुंडाळलेलं. ते बीम ज्याने चढवलं त्यानेच संपवायचं. मधे माणूस आजारी पडला तर बदली येतो, पण बीम पहिल्याच्याच नावावर राहतं. आणि नवीन बीम ज्याच्या हाताने चढलं, तो लूम पुढे त्याचा. चोवीस वर्षांत रघूच्या सहा लूमवर दुसऱ्या कुणी बीम चढवलं नव्हतं.

तुळशीरामने एवढंच ऐकवलं, की हे बीम संपेपर्यंत चांगदेव बघेल. नवीन चढायच्या आधी तू नीट चालून दाखव. नाहीतर चढवायला चांगदेवच उभा राहील.

रघूने कांडीच्या मशीनवरून डोळ्यानेच माप काढलं. त्याच्या लूमवरची सहाही बीमं एकदमच चढलेली, त्यांच्यावर तीन आठवड्यांचं सूत होतं.

पहिल्या रविवारी रघू तो पांढरा साचा घेऊन बसला. पाय सरळ राहायचा, हे खरं. पण प्लॅस्टिक वाकत नाही. लूमच्या मागे तुटलेली तार गाठायची तर एका गुडघ्यावर टेकावं लागतं, पाऊल बोटांवर मुडपतं. साचा मुडपेना. आणि अनवाणी घातला तर फरशीवर असा सरकायचा की कमळनेच तो काढून फळीवर ठेवला. कारखान्यात सगळे अनवाणीच. तेलावर चप्पल टिकत नाही, तळव्याला फरशी कळायला लागते.

दवाखान्यातल्याच एका बाईने त्याला पत्ता सांगितला. भिवंडीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत प्रियंकाची खोली. कंबरेचे पट्टे, मानेचे पट्टे, पोलिओवाल्यांचे कॅलिपर, सगळं ती स्वतः शिवायची, ठोकायची. पस्तिशीची बाई, मुंबईत कोर्स करून आलेली, तोंडात टाचण्या धरून बोलणारी. येणाऱ्याला जय भीम, जाणाऱ्याला जय भीम, आणि मधे नुसता दम.

तिने रघूला खुर्चीवर बसवलं, पाऊल हातात घेतलं, वर ढकलून सोडलं. पडलं. पुन्हा ढकललं. मग तिने एक मऊ पट्टा काढला. घोट्याच्या वर गुंडाळायचा, आणि त्याच्यापासून एक रबराची पट्टी खाली येऊन बुटाच्या नाडीत अडकणार. पाय उचलला की पट्टी पाऊल वर खेचते, दाबला की ताणली जाते. वाकतो, मुडपतो, सगळं.

"ताई, मी बूट घालत न्हाय," रघू म्हणाला.

"मग घ्या एक."

"कारखान्यात घालत न्हाईत. घरात घालत न्हाईत. देवळात न्हाईत. मग घालू कधी, झोपताना?"

प्रियंकाने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. सगळी पुस्तकं बुटवाल्यांनीच लिहिलीत, ती म्हणाली, आणि हसली. मग तिने बूट सोडून पावलाचंच माप घेतलं. बोटांच्या मागे एक रुंद मऊ कडं, त्याला वर रिंग, रिंगेतून पट्टी घोट्याला. चार दिवसांनी पट्टा तयार. रघूने तिच्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. चौथी फेरी मारली ती उगाच, नुसती ऐकायला.

इथे रघूने दुसरी चूक केली, आणि तीही पहिल्यासारखीच.

घरी आल्यावर त्याने विचार केला, एवढ्या ताणाने पाऊल एवढं उचलतं, तर आणखी ओढल्यावर आणखी उचलेल. पट्टी शेवटच्या टोकापर्यंत ओढली. पाऊल असं ताठ वर आलं की त्यालाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी दिवसभर तसाच. मोटारसायकलवर, कांडीच्या मशीनवर, माठापर्यंत चार वेळा मुद्दाम. काही दुखलं नाही. संध्याकाळी कमळने पट्टा सोडला आणि पाऊल उजेडाकडे वळवलं. कड्याखाली कातडी फाटली होती, पावलाच्या वरच्या बाजूला बोटभर लांब. कडं आतून लाल.

"तुला कळलं न्हाय?" तिने विचारलं.

त्याला खरंच कळलं नव्हतं. नस दबते तेव्हा पाऊल नुसतं लटकत नाही, वरची कातडीही बधिर होते. हे डॉक्टरने सांगितलं होतं. तेव्हा रघू बुटाचा विचार करत होता.

प्रियंका ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाली, "रघूदादा, दुखत नाही म्हणजे बरं चाललंय असं नसतं. तुमचा पाय तक्रार करायचा बंद झालाय. आता रोज तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि जखम भरेपर्यंत पट्टा बंद."

जखम भरायला आठ दिवस लागणार होते. बीमवर तेव्हा दहा-बारा दिवसांचं सूत उरलं होतं.

ते आठ दिवस रघूचे फार वाईट गेले, पण कामाला आले. कांडीच्या मशीनवर हात आपोआप चालतात, डोळे मोकळे. तो आपल्या लूमकडे बघत बसायचा. चांगदेव माणूस वाईट नव्हता. तीन नंबरचा धोटा मधेच अडायचा, त्याला ते जमेना. तो लांबून रघूकडे बघून हात हलवायचा: काय करू? पहिल्या दिवशी रघूने बघितलंच नाही असं केलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बायजाबाईने त्याच्या बरगडीत कोपर मारलं, "दिसत न्हाय का तुला? का डोळंबी गेलं?" तेव्हा तो उठला, थप्प थप्प करत गेला आणि तीन नंबरच्या धोट्याच्या पेटीत कातड्याचा तुकडा कसा सरकवायचा ते दाखवलं. चांगदेवने छातीला हात लावला. रघूला स्वतःचीच लाज वाटली.

आणि तिथे वाकून उभा असताना त्याला बीमचे दोर दिसले.

म्हणजे दिसत तर ते चोवीस वर्षं होते. बीमच्या दोन्ही टोकांना दोर गुंडाळतात आणि त्याला वजनं टांगतात. त्या वजनाने ताणा ताठ राहतो, पण कापड पुढे सरकलं की दोर थोडा थोडा सोडतो. जास्त वजन टांगलं तर तारा तुटतात. कमी टांगलं तर कापड झोळ खातं. आणि एका बाजूचा दोर ढिला पडला तर त्या बाजूची किनार लाटांसारखी येते, मग मधला ताण कितीही बरोबर असो. कुठलाही विणकर हे फुटपट्टीने मोजत नाही. तो चालू लूमच्या ताण्यावर बोटांची उलटी बाजू दाबतो, आणि हाताला कळतं.

रघूने खाली पायाकडे बघितलं. त्याचं पाऊल नुसतं खाली पडत नव्हतं. ते आत वळून पडत होतं, बाहेरची कड आधी आपटत होती. ढिली किनार. आणि प्रियंकाने पट्टी लावली होती एक, मधोमध.

ड्युटी सुटल्यावर तो थेट तिच्या खोलीवर गेला.

"एका दोराने बीम बसत न्हाय," त्याने दारातूनच सांगितलं.

प्रियंकाला आधी काही समजलं नाही, आणि समजलं तेव्हा राग आला. दहा वर्षं पाय बघतेय मी, ती म्हणाली, आता लूमवाल्यांकडून शिकू? रघूने वाद घातला नाही. तिच्या टेबलावरचा खडू घेतला आणि तिथेच बीम काढलं, दोर काढले, वजनं काढली. शेजारी पाऊल काढलं. पाऊल बटाट्यासारखं झालं होतं पण दोर बरोबर होते. कड्याच्या दोन बाजूंनी दोन पट्ट्या. बाहेरची जरा जास्त ओढलेली.

तिने त्याच्या हातातून खडू घेतला आणि बटाट्याच्या बाहेरच्या पट्टीवर खूण केली.

"बाहेरची किती जास्त?" तिने विचारलं. राग गेला होता.

"ते खुर्चीवर कळायचं न्हाय. तुमी मला बसवून माप घेतलं. बंद लूमवर कुणी ताण बघतं का? चालू पायजे."

मग जखम भरत आल्यावर तीन दिवस गल्लीने तमाशा बघितला. जखमेवर कातडी धरली होती, प्रियंकाने रोज तपासून पंधरा मिनिटांची परवानगी दिली, मग अर्ध्या तासाची. रघू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गल्लीतून चालायचा, प्रियंका मागून यायची, थांबवायची, रस्त्यातच गुडघे टेकून टाके उसवायची, पट्टी सरकवायची. रघू बोटांची उलटी बाजू पट्टीवर दाबायचा आणि सांगायचा, आतली सोडा, बाहेरची ओढा. ती टेपने मोजून वहीत लिहायची. तो म्हणायचा, मोजता कशाला, हाताला कळतंय की. ती म्हणायची, तुमच्या हाताला कळतंय, पुढच्या माणसाचा हात मी कुठून आणू? हातगाडीवाले थांबायचे. एक जण म्हणाला, "चाचा, फॅशन शो है क्या?" रघू म्हणाला, "हां, टिकट लगेगा," आणि आणखी एक फेरी मारली, पाठमोरी. लूमच्या वाटेत मागे पण चालावं लागतं. आडवं पण.

कड्याच्या आत लावायला रघूने घरून कापड आणलं. कोरं सुती, त्याच्याच चार नंबर लूमचं, तागा कापताना उरलेली पट्टी. प्रियंकाने ते चोळून बघितलं, चार वेळा धुतलं, आतून स्पंज घालून शिवलं. आणि दोन्ही पट्ट्यांवर, ताण बरोबर बसला त्या जागी, लाल दोऱ्याचा एकेक टाका घातला.

"ह्याच्या पुढे ओढायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कितीही हौस आली तरी."

बीमवर दोन दिवसांचं सूत राहिलं होतं. तुळशीरामने लांबून रघूची चाल बघितली, माठापर्यंत आणि परत, आणि मान हलवली. चालणं म्हणजे लूम चालवणं नाही. शनिवारी सहाच्या सहा तू घे, पूर्ण शिफ्ट. कापड मी बघणार. एवढं बोलून तो गेला.

कमळने शनिवारी सकाळी पट्टा स्वतः बांधला, लाल टाक्यापर्यंत. तिने डबा दिला आणि रघू वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.

सकाळी आठला त्याने एकापाठोपाठ सहा दांडे ओढले. सहा लूम लागले. तीन आठवडे झाले होते, पण लूम माणसाला विसरत नाहीत, निदान रघूला तसं वाटलं. पहिला तास त्याचं अर्धं लक्ष पायाकडे होतं. दुसऱ्या तासाला पाव. मग तो पाय विसरला. एक नंबरची कांडी संपली, बदलली. पाचवर तार तुटली, मागे गेला, एका गुडघ्यावर टेकला, गाठ मारली. पाऊल मुडपलं, परत आलं. दीड हाताच्या वाटेत आडवा सरकला. तीन नंबर अडायच्या आधी त्याला आवाजावरून कळलं, त्याने धोटा काढून पुसला, परत घातला. चांगदेव भिंतीला टेकून बघत होता. दुपारी बारापर्यंत एकही लूम उगाच थांबला नाही. रघूला वाटलं ओरडून सांगावं, पण सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण.

दुपारी तीनच्या सुमाराला घामाने घोट्याचा पट्टा खाली सरकला.

सुईएवढाच सरकला असेल. पण पावलाचा अंगठा फरशीला घासला. एकदा. मग पुन्हा. रघूने दात दाबले. सात तास झाले होते, पाच राहिले होते. गुडघा जरा उंच उचलला की निभेल. बारा दिवस निभलं होतंच की. तुळशीराम समोरच्या टोकाला उभा होता, पंचा खांद्यावर, नजर इकडेच. आता लूम बंद केला तर त्याला दिसणार. न केला तर कदाचित नाही दिसणार.

अंगठा तिसऱ्यांदा घासला तेव्हा रघूने सहाच्या सहा लूम बंद केले.

एकेक करून दांडे सोडले. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला, सगळ्यांसमोर पँट वर केली, पट्टा सोडला. पावलाची वरची बाजू डोळ्यांजवळ आणून बघितली. कातडी शाबूत होती, जरा गुलाबी. कमरेच्या रुमालाने घाम पुसला, घोट्यावर कोरडा रुमाल गुंडाळला, त्यावर पट्टा बांधला. आतली पट्टी लाल टाक्यापर्यंत. बाहेरची लाल टाक्यापर्यंत. बोटांची उलटी बाजू दाबून बघितली. आणखी थोडं ओढावंसं वाटलं. नाही ओढलं. उठला, चार पावलं टाकली, आणि सहा दांडे परत ओढले.

सगळं मिळून सहा-सात मिनिटं गेली असतील. सहा लूम, सात मिनिटं बंद. अशा कारखान्यात हे मोठं पाप आहे. रघूने तुळशीरामकडे बघितलं नाही. संपलं, असं त्याला वाटलं, आणि तरी हात थांबले नाहीत. उरलेले तास त्याने असे विणले की जणू ते शेवटचे आहेत. चोवीस वर्षांत इतकं चांगलं त्याने विणलं नसेल.

रात्री आठला तुळशीरामने कापड उलगडलं. ट्यूबलाइटखाली टेबलावर ओढत ओढत बघतात, मागून उजेड घेऊन. तुटलेली तार, जाळी, तेलाचा डाग. तीन बोटांचा हात कापडावरून सरकत होता. एक लूम, दुसरा, तिसरा. पाचव्यावर तो थांबला, चष्मा पुसला, परत बघितलं. काही नव्हतं. सहावं बघून झालं. किनार दोन्हीकडून दोरीसारखी सरळ होती.

रघूने स्वतःहून सांगून टाकलं, "सात मिनिटं बंद ठेवले."

"मी बघितलं."

"पट्टा सरकला व्हता."

"तेबी बघितलं." तुळशीरामने कापडाची घडी घातली. "मला वाटलं हा काय थांबत न्हाय. ओढत बसणार, जसा ते बारा दिवस पाय ओढत बसला व्हता. थांबलास. बस झालं." मग तो मागे वळून चांगदेवला म्हणाला, मागच्या रांगेतला माणूस गोरखपूरला गेलाय, तो परत येणार नाही, ते चार लूम सोमवारपासून तुझे. चांगदेवने पुन्हा छातीला हात लावला.

सोमवारी सहा नवीन बीमं चढली. एका बीमला दोन माणसं लागतात. एका टोकाला रघू, दुसऱ्या टोकाला चांगदेव, स्वतः पुढे आला. जड बीम उचलून दीड हाताच्या वाटेतून आडवं चालत न्यायचं. रघूने डाव्या पायाची पँट दुमडून पट्ट्याच्या वर घेतली. तुळशीराम ओरडला, तेल लागेल त्याला. रघू म्हणाला, लागू दे. झाकून ठेवायला शिवला न्हाय. सहा वेळा उचललं, सहा वेळा ठेवलं. दोर गुंडाळले, वजनं टांगली, आणि खडूने प्रत्येक बीमच्या लाकडावर तारीख टाकली आणि खाली नाव. नाव टाकताना त्याने अक्षर जरा मोठं काढलं. नस अजून आली नव्हती. डॉक्टरने बोटाने टिचकी मारून बघितली होती आणि खांदे उडवले होते. येईल तेव्हा येईल.

चहाच्या वेळेला बायजाबाई कांडीच्या मशीनवरून उठून आली. तिच्या नवऱ्याला मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. अकलोलीला घरी असतो, चालतो, पण पाऊल घासत. तिने रघूच्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, हा पट्टा कुठं मिळतो.

रघू खोक्यावर बसला. पट्टा सोडून तिच्या हातात दिला. आधी घोट्याचा भाग दाखवला, मग कडं, आतलं कापड उलटून दाखवलं, हे माझ्याच चार नंबरचं. दोन पट्ट्या का, ते सांगितलं. बाहेरची जास्त का, ते बीमकडे नेऊन सांगितलं. बायजाबाईच्या हाताची उलटी बाजू धरून ताण्यावर दाबली, मग पट्टीवर दाबली, कळलं का? कातडी रोज बघायची, दिवसातून तीनदा, दुखत नसलं तरी. माप उभ्याने द्यायचं, खुर्चीवर बसवलं तर सांगायचं, रघूने सांगितलंय, चालवून घ्या. तोवर चहावाला ग्लास घेऊन गेला होता. चांगदेव आणि आणखी दोघं भोवती उभे राहून ऐकत होते, त्यांच्यासाठी रघूने लाल टाक्याचं परत पहिल्यापासून सांगितलं.

"सगळं झाक हाय रे," बायजाबाई शेवटी म्हणाली. "पर म्या इचारलं, मिळतो कुठं?"